सगळे बाहेर

म्हात्रे मॅडम सर्व्हरशी बोलायच्या. मनातल्या मनात नव्हे, चांगल्या मोठ्यानं, आणि शेजारणीशी बोलावं तसं. सकाळी चपला दाराबाहेर काढून आत शिरल्या की पहिलं वाक्य ठरलेलं, "काय गो, बरी हायस ना?" मग पंख्यांच्या घरघरीकडे जरा कान द्यायच्या, उत्तर मिळाल्यासारखी मान हलवायच्या आणि खुर्चीत बसायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, आत आणखी कोणी बाई आहे. मी चक्क नमस्कार करायला डोकावलो. आत लोखंडी कपाट, लुकलुकणारे हिरवे दिवे आणि एसीचा गारठा. मॅडम अजिबात हसल्या नाहीत. म्हणाल्या, "कर की नमस्कार. सगळी कंपनी हिच्या जिवावर चाललीय." मी केला. त्यावर मात्र त्या इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर लागला.

कंपनी रोह्याची, रसायनांची. नाव सांगत नाही. मी पुण्यात शिकलो, तिथंच दोन वर्षं नोकरी केली आणि वडिलांना अर्धांगाचा झटका आला म्हणून अष्टमी गावातल्या घरी परतलो. पूल ओलांडला की रोहा, तिथून कंपनीची बस. संगणक विभागात आम्ही दोघंच, म्हात्रे मॅडम आणि मी. त्या तेव्हा पन्नाशीच्या आसपास असतील. ठेंगण्या, उन्हानं रापलेल्या, चालणं मात्र भरभर. वडील मिठागरावर कामाला होते आणि लहानपणी त्यांनीही फळीनं मीठ ओढलं होतं. राहायच्या पेणला, भावाच्या घराशेजारी दोन खोल्यांत. लग्न केलं नव्हतं. का, ते विचारण्याची कोणाची प्राज्ञा नव्हती.

मी पुण्याहून आलेला, म्हणजे स्वतःला फार शहाणा समजणारा. पहिल्याच आठवड्यात एक पान बिघडलं, पडद्यावर चाळीस ओळींची लाल भेंडोळी आली. मी वरच्या दोन ओळी वाचल्या आणि धडाधड टाइप करायला लागलो. मॅडमनी माझ्या कीबोर्डवर चक्क आपला डबा आणून ठेवला.

"वाचलंस?"

"हो मॅडम, कळलं मला काय ते."

"सगळं वाचलंस? खालपर्यंत? ती काय सांगतेय ते तिला पुरतं बोलू दे तरी. अर्ध्यात तोडतोस कशाला? आईला पण असंच करतोस काय?"

मग त्यांनी त्या चाळीस ओळी मला मोठ्यानं वाचायला लावल्या. प्रार्थना म्हणतात तशा. सव्विसाव्या ओळीत खरं कारण होतं आणि ते मी समजलो होतो त्याच्याशी त्याचा काही संबंध नव्हता. त्यानंतर डबा उघडला, आणि वालाचं बिरडं माझ्या ताटात पडलं. त्यांची शिक्षा आणि त्यांचं जेवण नेहमी लागोपाठ यायचं.

त्यांनी त्या कंपनीत काय केलं ते सांगायचं तर एका पानाबद्दल सांगायला हवं. आमच्या अ‍ॅप्लिकेशनला त्रेसष्ट पानं होती. हजेरी, शिफ्ट, गेटपास, कँटीनची कुपनं. त्यांतलं एक पान रोज कोणी उघडत नसे. त्याचं नाव मॅडमनी ठेवलं होतं 'सगळे बाहेर'. धोक्याचा भोंगा वाजला की सुरक्षा अधिकाऱ्यानं ते उघडायचं. तिन्ही गेटांवर कार्ड टेकवून जे जे आत आले आणि बाहेर गेले नाहीत, त्यांची नावं तिथं दिसत. मैदानात जो दिसेल त्याच्या नावावर टिचकी मारायची. यादी रिकामी झाली की सगळे बाहेर.

हे पान त्यांना कोणी करायला सांगितलं नव्हतं. त्या नोकरीला लागल्या त्या वर्षी टाकी धुताना गॅस झाला, माणसं पळाली, मुकादमानं बोटांवर माणसं मोजली आणि बरोबर आहेत म्हणाला. एक माणूस टाकीपाशीच राहिला होता. पुढच्या शिफ्टच्या लोकांना तो दिसला. मॅडमनी हे मला एकदाच सांगितलं, तेही सांगायचं म्हणून नव्हे. मी विचारलं होतं की एवढ्या साध्या यादीसाठी तीन तीन ठिकाणांहून माहिती कशाला ओढता. त्या म्हणाल्या, "मोजणारा घाबरलेला असतो रे. घाबरलेल्या माणसाचं गणित मी बघितलंय." मग पुन्हा कीबोर्डकडे वळल्या.

सुरुवातीला त्या यादीत फक्त कायम कामगार होते. ठेकेदाराची माणसं मागच्या गेटनं यायची, तिथं एक वही असायची आणि वहीला दोरीनं बांधलेलं पेन. मॅडम दोन वर्षं त्या लोकांच्या कार्डांसाठी भांडल्या. साहेब म्हणायचे, ही आज आहेत, उद्या नाहीत. मॅडम म्हणायच्या, "आज हायत ना? मला आजचंच पायजे." शेवटी कार्डं मिळाली. पहिल्या दिवशी भर उन्हात त्या मागच्या गेटवर उभ्या होत्या, मीही होतो. जिते गावचा किसन नावाचा एक हेल्पर होता, पंचविशीचा. अष्टमीत तिघाचौघांत खोली घेऊन राहायचा आणि सुट्टीला आईकडे जायचा. त्यानं कार्ड टेकवलं आणि तिथून हलेचना.

"मॅडम, नाव आलं काय माझं?"

मॅडमनी टॅब फिरवून दाखवला. त्यानं आपलं नाव सावकाश वाचलं, आडनावासकट. "म्हंजे आता कंपनीला म्हायती हाय, मी आत हाय ता." असं म्हणून हसत हसत गेला. त्यानंतर महिनाभर तो रोज मला नाक्यावर चहाला भेटला की विचारायचा, आज आलं काय नाव? मी म्हणायचो, आलं बाबा, आलं.

नव्या गोष्टींबद्दल मॅडमची जी मतं होती ती फार लोकांना उलटी वाटतील. जुनी माणसं जुन्याला चिकटून बसतात असा आपला समज असतो. मॅडमना नव्याची नुसती भूक होती. आमचं काम ज्या संगणकी भाषेत चालायचं त्या जावाच्या नव्या आवृत्त्यांत काय काय आलंय ते मी पुण्यात वापरून आलो होतो. बारा ओळींचा फेरा, म्हणजे लूप, दोन ओळींत बसवायची ती नवी लिखावट मी त्यांना पहिल्यांदा दाखवली, तेव्हा त्या पडद्याच्या अगदी जवळ आल्या. "अगो बाय," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी पेण ते रोहा गाडीत बसून त्यांनी जुन्या शिफ्टच्या तक्त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर त्या लिखावटीचे वीसेक नमुने करून आणले होते. पेन्सिलनं. "हे बघ चालेल काय, आणि हे कसं रे? आणि असं केलं तर?" मला वाटलं, आता ह्या सगळं अ‍ॅप्लिकेशन नव्यानं लिहायला काढणार. पण तक्ते घडी घालून ड्रॉवरमध्ये गेले.

"वापरायचं नाही का मग?"

"वापरायचं ना. पण तिला विचारून. तुला येतं म्हणून तिला येतं असं नाय."

त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि ते मला समजतही होतं. आमच्या कामाचे दोन भाग होते. एक भाग आम्ही आपल्या मशीनवर तयार करून सर्व्हरवर नेऊन ठेवायचो. तिथं नवं चालत होतं, कारण सर्व्हरवर आम्ही नवी जावा नुकतीच बसवली होती. पण पानं तशी नव्हती. पान सर्व्हर स्वतः तयार करून घ्यायचा, आणि तेही ते पान पहिल्यांदा कोणी उघडलं की त्या क्षणी. त्या कामासाठी त्याच्या सेटिंगमध्ये भाषेची जुनी आवृत्ती लिहिलेली होती. ती एकदम बदलावी तर बाहेरून घेतलेली काही जुनी पानं बंद पडायची. म्हणून घरात नवी जावा असूनसुद्धा पानांपुरतं जुनंच बोलायचं. आणि पानात चूक असली तर ती ठेवताना कळायची नाही. कोणीतरी ते उघडेपर्यंत ती तिथं गुपचूप पडून राहायची.

म्हणूनच मॅडमची फेरी असे. अ‍ॅप्लिकेशनला कुठंही हात लावला, एक शब्द जरी बदलला, की त्या त्रेसष्टच्या त्रेसष्ट पानं स्वतःच्या हातानं उघडायच्या. एकेक. उजव्या हाताच्या पहिल्या बोटानं टिचकी, पान पुरतं येईपर्यंत थांबायचं, मग रजिस्टरमध्ये खूण. मी म्हणालो, यासाठी छोटा प्रोग्रॅम लिहून देतो, दोन मिनिटांत सगळी पानं तपासेल. त्या म्हणाल्या, लिही, पण त्यानंतर मी माझी फेरी मारणारच. त्रेसष्टावं पान 'सगळे बाहेर'. ते उघडलं की सगळ्या खातेप्रमुखांच्या फोनवर धोक्याचा संदेश जायचा, म्हणून त्याआधी सेफ्टीच्या ऑफिसात फोन करायचा, त्यांच्याकडून लेखी चिठ्ठी आणायची, संदेश बंद करून घ्यायचे, पान उघडायचं, संदेश परत सुरू करायचे. अर्धा-पाऊण तास त्यात जायचा. चिठ्ठी द्यायला तिथले साहेब कुरकुर करायचे. मॅडम त्यांच्या टेबलासमोर उभ्या राहायच्या, बसा म्हटलं तरी बसायच्या नाहीत, चिठ्ठी मिळेपर्यंत.

साखरचौथ आमच्याकडे मोठी. अनंतचतुर्दशी झाल्यावर येणाऱ्या संकष्टीला या भागात कितीतरी घरांत पुन्हा गणपती बसतो. आदल्या दिवशी मॅडमनी रजा घेतली, भावाच्या घरची मूर्ती आणायची होती. जाताना मला म्हणाल्या, "तो जुन्या, नको असलेल्या ओळींचा पसारा आवरतोयस ना, तो 'सगळे बाहेर' सोडून बाकीच्या पानांत आवर. आणि फेरी मार. पूर्ण मार." त्या वर्षी पहिल्यांदा त्यांनी फेरी माझ्यावर सोपवली होती. मला त्याचा किती अभिमान वाटला ते आता सांगायलाही लाज वाटते.

मी पसारा आवरला. बाकीच्या पानांत नुसत्या ओळी काढायच्या होत्या. 'सगळे बाहेर'ही आवरलं. त्यात बारा ओळींचा एक जुनाट फेरा होता, तीन गेटांची नावं गोळा करणारा, तो मी दोन ओळींत बसवला. दिसायला इतका देखणा झाला की मॅडम "अगो बाय" म्हणतील असं मला वाटलं. ते पान आहे, ते सर्व्हर स्वतः तयार करणार आहे, हे मला माहीत नव्हतं असं नाही. त्या वेळी डोक्यातच आलं नाही. मग फेरी मारली. बासष्ट पानं उघडली. त्रेसष्टाव्यासाठी सेफ्टीकडे फोन केला, साहेब जागेवर नव्हते. मामाच्या घरी पेणला आमचाही साखरचौथीचा गणपती होता आणि मला आरास करायला जायचं होतं. मी रजिस्टरमध्ये त्रेसष्टावी खूण केली आणि बस पकडली.

साखरचौथीच्या सकाळी मॅडम आल्या. पूजा उरकली होती, जेवणं चंद्रोदयानंतर, तेवढ्या वेळात महिनाअखेरची हजेरी काढायची होती. मोदकांचा डबा टेबलावर ठेवला, रजिस्टर ओढलं.

"फेरी झाली?"

"झाली."

"सगळी?"

"हो मॅडम, सगळी."

त्यांनी खाली सही केली. इतक्या वर्षांत दुसऱ्यानं मारलेल्या फेरीखाली त्यांनी केलेली ही एकमेव सही.

दुपारी भोंगा वाजला. सराव नव्हता, सरावाचा भोंगा तुटक असतो. आम्ही सगळे वाऱ्याच्या उलट दिशेच्या मैदानावर जमलो. मागच्या शेडकडून पिवळसर धूर जमिनीलगत सरकत होता. सेफ्टीच्या साहेबांनी टॅबवर 'सगळे बाहेर' उघडलं. पांढऱ्या पानावर लाल ओळी आल्या. त्यांनी पुन्हा उघडलं, पुन्हा तेच. "म्हात्रे मॅडम!" ते ओरडले. मॅडमनी टॅब हातात घेतला आणि त्या भोंग्याच्या आवाजात, माणसं खोकत असताना, ओळी खालपर्यंत वाचल्या. ही लिखावट या आवृत्तीत चालत नाही, असं तिथं स्वच्छ लिहिलं होतं, ओळीच्या क्रमांकासकट. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं नव्हे. तसं त्यांनी रागानं बघितलं असतं तर बरं झालं असतं.

मी आत पळत सुटलो. माझा लॅपटॉप आत होता, जुन्या बारा ओळी परत टाकायला पाच मिनिटं पुरली असती. गेटवरच्या दोघांनी मला कव घालून धरलं. मी मागे वळलो तेव्हा मॅडम एका पेटीवर उभ्या होत्या आणि नावं म्हणत होत्या. शिफ्टचा तक्ता त्यांना पाठ होता. गेटवरच्या वॉचमनपासून सुरुवात करून एकेका खात्याची नावं, आडनावासकट, न अडखळता. "हाय!" "हाय मॅडम!" अशी उत्तरं येत होती. ठेकेदाराच्या माणसांपाशी आल्या.

"रमेश घरत!"

"त्यो नाय मॅडम, घरी हाय," कोणीतरी म्हणालं. "साखरचौथ हाय त्याच्याकडं."

मॅडमनी ते नाव सोडलं आणि पुढचं घेतलं. शेवटी आकडा जुळला. साहेबांनी सुस्कारा सोडला. सगळे बाहेर, असं त्यांनी वर फोन करून कळवलंसुद्धा.

आमच्याकडे सणाला एकमेकांची पाळी करायची पद्धत आहे. कागद नाही, अर्ज नाही, "माझ्याकडं गणपती हाय, तू जाशील काय?" एवढ्यावर काम होतं. मुकादमही हो म्हणतो, कारण पुढच्या सणाला त्यालाही कोणीतरी लागतो. तक्त्यावर नाव रमेशचं राहतं आणि आत दुसराच असतो. कार्ड मात्र ज्याचं त्याचं. मॅडमच्या पानाला हे बरोबर कळलं असतं, पान तक्ता बघायचं नाही, कार्ड बघायचं. तासाभरानं रमेशचा फोन आला, त्याच्या घरून. मागे आरतीचा आवाज येत होता. त्याला गावात कोणीतरी सांगितलं होतं की कंपनीत गॅस झालाय. तो विचारत होता, "किसन बरा हाय ना? माझ्या जागेवर आज तो आलाय."

किसन मागच्या शेडच्या जिन्याखाली सापडला. जिवंत होता. तिसऱ्या दिवशी गेला. डॉक्टरांनी काय म्हटलं ते मी इथं लिहीत नाही, आधी सापडला असता तर, एवढं पुरे.

चौकशीच्या आदल्या दिवशी मॅडमनी मला खोलीत बोलावलं. रजिस्टर उघडं होतं. शेजारी एक कागद, त्यावर सर्व्हरच्या नोंदींतल्या ओळी, 'सगळे बाहेर' माझ्या बदलानंतर त्या भोंग्यापर्यंत एकदाही उघडलं नव्हतं हे दाखवणाऱ्या. मी रडायला लागलो. त्यांनी मला रडू दिलं. पाण्याची बाटली पुढे सरकवली.

"उद्या विचारतील, बाला," त्या म्हणाल्या. "तुला काय सांगायचं ते तू सांग. मी सही नाकारणार नाय. माझीच हाय ती."

"मॅडम, मी सांगतो."

"बरं."

दुसऱ्या दिवशी टेबलापलीकडे चार साहेब होते. पानात बदल कोणी केला, त्यांनी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "पान माझं हाय. फेरीवर सही माझी." आणि थांबल्या. त्या माझ्यासाठी थांबल्या होत्या, हे खोलीत फक्त मला माहीत होतं. मला वडील दिसत होते, त्यांची औषधं, आईचा चेहरा. ही नुसती सबब आहे हे मला तेव्हाही कळत होतं. मी टेबलाच्या लाकडाकडे बघत राहिलो. साहेबांनी पुढचा प्रश्न विचारला.

मॅडमनी राजीनामा दिला, म्हणजे द्यायला लावला. जाताना सर्व्हरच्या खोलीत त्या गेल्या नाहीत. दारातल्या चपला घातल्या आणि गेल्या. मला काही बोलल्या नाहीत असं नाही, जेवणाचं विचारलं. डबा आणलायस ना, म्हणाल्या. मी हो म्हणालो.

मी त्यानंतर चार महिन्यांनी ती नोकरी सोडली आणि पनवेलला लागलो. रोह्याहून सकाळच्या गाडीनं जायचो. एकदा, पुढच्या वर्षीच्या थंडीत, गुरुवार होता, पेणला मॅडम माझ्याच डब्यात चढल्या. केस बरेच पांढरे झाले होते. हातात कापडी पिशवी, त्यात औषधाचं खोकं आणि भाजीची जुडी दिसत होती. समोर येऊन बसल्या. वडील कसे आहेत विचारलं. नवीन कामाचं विचारलं, सर्व्हर कुठली आवृत्ती चालवतो तेही. मी सांगत गेलो. त्यांच्या डोळ्यांत ती जुनी भूक क्षणभर आली. "म्हंजे आता पानांतसुद्धा सगळं नवं चालतं?" "चालतं मॅडम." "अगो बाय," म्हणाल्या, पण अगदी हळू.

जिते आलं तशा त्या उठल्या. मला तेव्हा कळलं, त्या कुठं निघाल्यात. किसनच्या आईकडे. नंतर कोणीतरी सांगितलं की दर गुरुवारी जातात. त्या फलाटावर उतरल्या, वळल्या, आणि मागोमाग दारापर्यंत आलेल्या मला म्हणाल्या, "येतोस?"

जितेला गाडी मिनिटभर थांबते. उतरायला एक पाय खाली ठेवायचा होता. मी म्हणालो, "आज ऑफिसात मीटिंग आहे मॅडम. पुढच्या वेळी नक्की येतो."

"बरं," त्या म्हणाल्या. गाडी सुटली. पिशवी दुसऱ्या हातात घेऊन त्या फलाटाच्या टोकाकडे चालायला लागल्या. पूर्वीच्या भरभर चालण्यातलं काही उरलं नव्हतं, एक पाय जरा ओढत होत्या. मी दारातून वाकून त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होतो. त्यांना मी पाहिलं ते तेवढंच शेवटचं. पुढच्या वैशाखात त्या गेल्या, पेणच्या दवाखान्यात, हृदयाचं दुखणं. मला आठ दिवसांनी कळलं.

मग मी जितेला गेलो. रस्त्यावर विचारत विचारत. किसनची आई ओटीवर वाल सोलत बसली होती. मी नाव सांगितलं, कंपनीत होतो म्हणालो. तिनं चटई टाकली, आत जाऊन तांब्याभर पाणी आणलं, आलेल्याला देतात तसं. मी प्यायलो. मॅडम गेल्याचं तिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हनून आली नाय व्हय दोन गुरुवार." आणि सोलत राहिली.

मग मी सगळं सांगितलं. बारा ओळी आणि दोन ओळी तिला कळणार नव्हत्या, पण ते पान मी बदललं, तपासलं म्हणून खोटं मी बोललो, मॅडमनी माझ्यावर विसंबून सही केली आणि माझं नाव कधीच घेतलं नाही, एवढं तिला नीट कळलं. तिचे हात थांबले. ती मला शिव्या देईल, हाकलून देईल असं मला वाटलं, मी त्यासाठीच आलो होतो. ती माझ्याकडे बघतच नव्हती, समोरच्या वाटेकडे बघत होती.

"मंग ती कशाला यायची रं?" ती म्हणाली. "दीड वर्स आली. हितं पायरीवर बसून जायची. मी तिला कदी पानी पन नाय विचारलं."